तोंडी काम

सगळ्यांत आधी हसला तो कल्पेशच. नीताबाईंनी फोन त्या डब्याएवढ्या स्पीकरला जोडला, जरा खरखर झाली, एका लहान मुलीचा आवाज वर्गभर झाला, "माज्या आजीचा डोला दुकत व्हता ना, मंग आमी दवाखान्यान गेलू," आणि कल्पेशच्या नाकातून फुस्सकन हसू निसटलं. मग पुढच्या बाकावरची एकजण ओढणी तोंडाला लावून हसली, मग खिडकीकडचे दोघंतिघं, मग सगळा वर्गच. दुसरी ब च्या बुटक्या बाकांवर गुडघे हनुवटीपाशी घेऊन बसलेले ते आईबाप सकाळपासून कंटाळलेलेच होते, त्यांना निमित्त हवं होतं. शनिवारची पालकसभा, आणि विषय काय तर म्हणे आपल्या मुलांचं मूल्यमापन कसं होतं ते समजून घेऊ या. फळ्यावर रंगीत खडूने तसं लिहून भोवती वेलबुट्टीसुद्धा काढली होती. एरवी असल्या सभांना कोमल यायची. आज तिची हॉस्पिटलातली ड्युटी ऐनवेळी बदलली, "एकदा तरी जा, तुझीपण मुलगी आहे ती," असं तिने चप्पल घालता घालता ऐकवलं, आणि ऐन शनिवारी, फ्लॅट बघायला गिऱ्हाईक येण्याच्या दिवशी, कल्पेशला साइट ऑफिस सोडून इथे येऊन बसावं लागलं. आला तोच वैतागून आला होता. त्यामुळे हसू आलं तेव्हा त्याला बरंच वाटलं, अंगातला कंटाळा नाकावाटे निघून गेल्यासारखं.

बाईंनी आधीच सांगितलं होतं, हे मूल कोणाचं ते मी सांगणार नाही. परिसर अभ्यासाचं तोंडी काम आहे. मी वर्गात विचारलं होतं की तुम्ही कोणाला मदत केलीत ते सांगा, त्याचं हे उत्तर. तुम्ही ऐका आणि तुम्ही शिक्षक असतात तर काय श्रेणी दिली असती ते सांगा. आवाज पुढे चालला होता. "तटं डॉक्टर बोलला, आजी, डोल्यान लेन्स टाकाची हाय. आजीला वाटला कं काच टाकतान. ती उटून चालालाच लागली." पुन्हा हशा. बाईंनी फोन थांबवला. "बोला, काय श्रेणी?" कोणी म्हणालं ब-दोन, कोणी क. आणि कल्पेशला काय सुचलं कोण जाणे, तो बाकावरूनच खणखणीत आवाजात म्हणाला, "ओ बाय, हिला ड द्या ड, न वरशी वाटीभर सुका जवला द्या!" वर्ग फुटला. अक्षरशः फुटला. शेजारी बसलेल्या हितेशने त्याच्या मांडीवर थाप मारली. ते वाक्य त्याने जुळवलं नव्हतं, घरच्या उंबऱ्याला पाय जसा न बघता उचलतो तसं ते तोंडातून आपोआप निघालं होतं, हेल नेमका, 'द्या' वरचा दाब नेमका, नाकातला तो किंचित सूरही नेमका. कितीतरी वर्षांत तो असं बोलला नव्हता आणि जीभ बेटी काही म्हणजे काही विसरली नव्हती. एवढ्या हशात फक्त नीताबाई हसल्या नाहीत. त्यांनी हातातला खडू उगाच या हातातून त्या हातात घेतला आणि त्याच्याकडे जरा जास्तच वेळ बघितलं. कल्पेशला वाटलं, बाईंना विनोदाचं वावडं दिसतंय.

"पाटीलसाहेब, काय परफेक्ट काढलात हो!" हितेश डोळे पुसत म्हणाला. "एकदम ओरिजिनल. कसं काय?" हा हितेश केतनचा बाप. केतन याच वर्गात होता आणि हितेशला सुकापूरच्या टॉवरमधला सातव्या मजल्यावरचा फ्लॅट कल्पेशनेच विकला होता. "अहो, साइटवर दिवसभर यांच्याशीच, इथल्या गाववाल्यांशी, डोकं फोडायचं असतं," कल्पेश म्हणाला. 'यांच्याशी' असं म्हणाला तो, सहज. त्याला आता सवयच झाली होती. पाटील हे आडनाव म्हणजे देवाने दिलेली सोय होती. पाटील साताऱ्यात आहेत, कोल्हापुरात आहेत, जळगावात आहेत, आणि पनवेल तालुक्यात तर दगड मारावा तो पाटलालाच लागतो, पण तसं कोणी आपणहून सांगायला जात नाही. गिऱ्हाइकाने विचारलं, पाटील म्हणजे कुठले, की कल्पेश हसून म्हणायचा, मूळ घाटावरचे. आणि मग त्यांना गच्चीवर नेऊन नेऱ्याकडचे डोंगर दाखवायचा, खालची कौलं आणि पत्रे दिसले की म्हणायचा, ते गावठाण आहे, पण काळजी नको, आपली एंट्री पूर्ण वेगळी आहे. त्या गावठाणात त्याची आई राहत होती. गच्चीवरून तिच्या खिडकीची निळी जाळी दिसायची. तिकडे बोट करून तो म्हणायचा, पूर्ण वेगळी एंट्री.

नीताबाईंनी आता फळ्याचा कोपरा पुसला आणि समजवायला घेतलं. तिशीची बाई, आवाज बारीक पण ठाम. दुसरीला शंभरातले सत्तर गुण आकारिक मूल्यमापनाचे, म्हणजे आम्ही वर्षभर मुलांना बघत असतो त्याचे. तीस संकलितचे, म्हणजे सत्राच्या शेवटी बघतो त्याचे. लगेच एका गृहस्थाने विचारलं, म्हणजे पेपरला तीसच? मग अभ्यास काय करायचा मुलांनी? एक बाई म्हणाल्या, ते श्रेणीबिणी ठीक आहे, पण नंबर कितवा ते कधी कळणार? नीताबाई म्हणाल्या, "भात लावलात की तुम्ही मधेच एखादं शीत बोटाने दाबून बघता ना? कच्चा असेल तर पाणी घालता, आच वाढवता. ते आकारिक. ताटात वाढल्यावर कच्चा निघाला तर काय करणार? आणि नंबर नाही, ताई. प्रत्येक मूल कालच्यापेक्षा आज कुठे आहे ते आम्ही बघतो, शेजारच्यापेक्षा कुठे आहे ते नाही." त्या बाईंचं समाधान काही झालं नाही. शेजारच्यापेक्षा कुठे, हेच तर त्यांना हवं होतं, आणि खरं बोलायचं तर कल्पेशलाही तेच हवं होतं.

नंबर म्हटल्यावर त्याला एकदम साखर आठवली. गावच्या शाळेतून पाचवीला त्याला पनवेलच्या मोठ्या शाळेत घातलं, आणि पहिल्याच सहामाहीत त्याचा नंबर आला सदतिसावा. आईला, भामाला, लिहितावाचता येत नव्हतं. ती शेतावरून आली, पाय धुतले आणि विचारलं, "कितवा र?" तो म्हणाला, सदतीस. "मंजे चांगला क वायट?" त्याला खरं सांगवेना. तो म्हणाला, गेल्या वर्षी पाचवा आला होता ना, आता सदतीस. जेवढा मोठा तेवढा चांगला. भामाने वाटीभर साखर घेतली आणि सगळ्या आळीत वाटून आली, माजे कल्पेसचा सदतीस नंबर आयला. लोकांनी हात पुढे केले, साखर तोंडात टाकली, कोणी काही बोललं नाही. दुसऱ्या दिवशी शेजारच्या दादूने तिला खरं काय ते सांगितलं. कल्पेश दिवसभर घराबाहेर फिरला, मार पडणार म्हणून. आई फक्त एवढंच म्हणाली, "सदतीस त सदतीस. साखर गोडच व्हती ना?" आणि चुलीत फुंकर घालायला वाकली. मार पडला असता तर बरं झालं असतं. त्याच शाळेत एका गुरुजींनी त्याला उभं करून 'पाणी, गाडी, डोळा' असं म्हणायला लावलं होतं, आणि तो म्हणाला होता पानी, गारी, डोला, आणि असाच हशा झाला होता. अगदी असाच, आधी नाकातून फुस्स, मग सगळा वर्ग. त्यानंतर घराच्या मागे, गोठ्याच्या भिंतीकडे तोंड करून तो एकटाच म्हणत बसायचा, पाणी, गाडी, नाही, नाही, नाही. 'नाय' मधल्या 'य'च्या जागी ते 'ही' त्याने घोटून घोटून गळ्यात बसवलं. आणि आईला सांगितलं, तू शाळेत यायचं नाही. पालकांना बोलावलं तरी नाही. ती कधीच आली नाही. विचारलंसुद्धा नाही का ते.

"आता पुढचं ऐका," नीताबाई म्हणत होत्या. फळ्यावर त्यांनी चार ओळी लिहिल्या होत्या. प्रश्न समजून घेऊन उत्तर दिलं का. घडलेलं क्रमाने सांगितलं का. स्वतःच्या शब्दांत सांगितलं का. न घाबरता, ऐकणाऱ्याकडे बघून सांगितलं का. "आम्ही तोंडी कामाला एवढंच बघतो. या मुलीने मला आधी विचारलं, बाई, कशात सांगू, शाळेच्यात की आजीच्यात? मी म्हटलं, जशात नीट सांगता येईल तशात सांग. लिहिताना ती पुस्तकातलंच लिहिते, तेही चांगलं लिहिते. आता या चार ओळी समोर ठेवून ऐका आणि परत श्रेणी द्या." कल्पेशने घड्याळ बघितलं. साडेबाराचं गिऱ्हाईक हातचं जाणार बहुतेक. बाईंनी बटण दाबलं.

"मंग मी आजीला सांगितला, आजी, काच नाय गो. आपले चश्म्यासारखाच अस्ता, पन बारीक, न आतमन बसवतान. मंग डॉक्टरला सांगितला, ती घाबरली हाय, तिच्याशी हलू बोला. डॉक्टर बोलला, बरा. आजी बोलली, तू हात धरशील त मी बसतंय. पन माना आत नाय सोरत ना, मी लहान हाय. मंग मी दरवाज्याच्या भाईर उभी रायले न बोलत रायले. कायपन बोलत रायले. शाळेचा, पप्पांचा, मांजरीचा. मंजे आजीला आवाज येल. आजी माजा आवाज वलखते." आता कोणी हसत नव्हतं. कल्पेशच्याही चेहऱ्यावरचं हसू उतरलं होतं, पण ते नुसतंच उतरलं होतं, अजून आत काही पोचलं नव्हतं. मोतीबिंदू काय, घरोघरच्या म्हाताऱ्यांना होतो. त्याच्या आईलाही झाला होता, दिवाळीच्या आधी, ऑपरेशनच्या दिवशी त्याचा बुकिंगचा सोहळा होता म्हणून कोमल घेऊन गेली होती. कोमलने रात्री सांगितलं, झालं नीट. तो म्हणाला, गुड. तेवढ्यात स्पीकरमधून एक शीळ आली. पुढचे दोन दात पडलेल्या पोरीच्या 'स' मधून हवा जाते तशी बारीक शीळ, आणि त्यामागून एक मोठा श्वास, गोष्टीचा सगळ्यांत महत्त्वाचा भाग येण्याआधी ती घेते तो. ती घेते तो. कल्पेशचे कान आधी गरम झाले, मग त्याला कळलं. "माजे पप्पापन पयले असाच बोलाचे, आजी सांगते. आता ते इसरले. मी त्यांना शिकवनार हाय. पन त्यांना टाइमच नाय." वर्ग पुन्हा हसला, पण मघासारखा नाही. या वेळी हशात माया होती. ओढणीवाली बाई म्हणाली, "ऑऽ, किती गोड."

अरे, पण ओळखणार तरी कसा? त्याने मनातल्या मनात कोणाशी तरी भांडायला सुरुवात केली. घरी ती अशी बोलत नाही. घरी ती 'पप्पा, मी ब्रश केला आहे' असं बोलते, इतकं स्वच्छ की आल्यागेल्यासमोर तो तिला मुद्दाम बोलायला लावतो. एकदाच, मागच्या वर्षी कधीतरी, ती जेवताना 'मला नको' ऐवजी 'माना नको' म्हणाली होती आणि त्याने ताट बाजूला सारून म्हटलं होतं, मनस्वी, हे तिकडचं तिकडेच ठेवून यायचं. तिने मान हलवली होती. आणि तिने ते ठेवलं होतं, अगदी सांगितलं तसं, तिकडचं तिकडे. शाळा सुटली की ती सुकापूरला आजीकडे जायची, संध्याकाळपर्यंत तिकडेच, आणि त्या तेवढ्या तासांत तिचा एक अख्खा आवाज होता जो त्याने कधी ऐकला नव्हता. तो आवाज दवाखान्याच्या दाराबाहेर उभा राहून बोलला होता. आत झोपलेल्या त्याच्या आईने तो ओळखला. आणि हा जन्मदाता बाप एका बाकावर बसून त्याच आवाजाला जवळा द्या म्हणाला. शी! लाज वाटते म्हणतात ती अशी असते होय? त्याला वाटत होतं लाज म्हणजे ते गोठ्याच्या भिंतीसमोरचं, नाही नाही नाही. ती लाज काहीच नव्हती. ती बाहेरून अंगावर टाकलेली होती, घासून काढता आली. ही आतून वर येत होती. शर्टाचं वरचं बटण त्याने सोडलं. हितेश कुजबुजला, "ही पोरगी भारी आहे पण. कोणाची असेल?" कल्पेश म्हणाला, "काय माहीत." असं तो खरोखर म्हणाला. आवाजही नेहमीचाच आला.

"आता कोणती श्रेणी?" बाईंनी विचारलं. अ-एक, अ-एक असं सगळीकडून आलं. नंबर विचारणाऱ्या बाईसुद्धा म्हणाल्या, अ-एकच हो, काय शंकाच नाही. "मीही तीच दिली आहे," नीताबाई म्हणाल्या. मग, कोणाकडेही न बघता, "आवाज ऐकवायला मी या मुलीची परवानगी घेतली होती. ती म्हणाली, नाव सांगू नका, माझ्या घरचे ओळखतील. तर तुमच्यापैकी ज्यांनी हा आवाज ओळखला असेल त्यांनी हात वर करा. आपण त्यांच्यासाठी टाळ्या वाजवू." पंखा फिरत होता. लोक मान वळवून एकमेकांकडे बघत होते, कौतुकाने, कोण तो नशीबवान. कल्पेशचा हात बाकावर होता. उचलायचा म्हणजे काय, एवढासा हात. पण हात वर केला की हितेश बघणार. मघाचा तो जवळा बघणार. घाटावरचे पाटील बघणार, वेगळी एंट्री बघणार, आणि हे सगळं एका क्षणात, आणि मग टाळ्या वाजणार. टाळ्या वाजल्या असत्या तर तो तिथेच मेला असता. पुढच्या वेळी, त्याला वाटलं, पुढच्या वेळी करीन. आणि मग वाटलं, पुढची वेळ कसली डोंबलाची, असल्या गोष्टीला पुढची वेळ असते का. हात तसाच राहिला. "नाही? बरं," नीताबाई म्हणाल्या आणि फळा पुसू लागल्या. सभेला आल्यावर दारातच त्याने सांगितलं होतं, मी मनस्वीचा बाबा. म्हणजे त्यांना पहिल्यापासून माहीत होतं. तो जवळा म्हणाला तेव्हाही माहीत होतं. खडू या हातातून त्या हातात गेला तो म्हणून.

मग मुलांना मैदानावरून वर्गात सोडलं. या शाळेची रीतच होती, सभा संपली की प्रत्येक मूल आपल्या आईबापांना आपलं काम स्वतः दाखवायचं, हस्तकला, चित्रं, भिंतीवर लावलेले तक्ते. धुळीचा वास आणि घामेजलेली पोरं एकदम आत घुसली. मनस्वी दारात थांबली, कोमलला शोधत नजर फिरवली, आणि मग तिला तो दिसला. तिचा चेहरा असा उजळला की कल्पेशला खाली बघावं लागलं. "पप्पा! तुम्ही आलात?" स्वच्छ, शाळेचं, घरचं. "मम्मीची ड्युटी बदलली," तो म्हणाला. ती त्याच्या गुडघ्याला टेकून उभी राहिली आणि त्याच्या कानाशी तोंड नेऊन म्हणाली, "लावलं माझं?"

"कुठलं?"

"अहो, आजीच्या डोळ्याचं. बाईंनी लावलं ना? हसले ना सगळे? पप्पा विसरले, तिथे? ते मी मुद्दाम टाकलं होतं." तिच्या 'स' मधून शीळ वाजत होती. इतक्या जवळून ती किती वेगळी होती, आणि किती तीच होती. "हसले," कल्पेश म्हणाला. "खूप हसले." मनस्वीने लगेच विचारलं, "आणि तुम्ही ओळखलंत?" "हो तर." "कधी? पहिल्यांदाच?" तिचे डोळे त्याच्या डोळ्यांत होते, जराही शंका नव्हती त्यांत, आणि तो म्हणाला, "पहिल्यांदाच. लगेच." तिने टाळी वाजवली. "मला माहीतच होतं. मी बाईंना म्हटलं होतं, मम्मी ओळखेल, आणि पप्पा आले तर पप्पापण ओळखतील. मग तुम्ही हात वर केलात तेव्हा टाळ्या वाजल्या? किती वाजल्या?"

मागे हितेश केतनचं चित्र बघत होता. बघत होता म्हणजे चित्र हातात होतं. त्याची पाठ ज्या प्रकारे स्थिर झाली होती त्यावरून कल्पेशला कळलं की त्याने सगळं ऐकलंय. मान वळली नाही, ही त्याची मेहेरबानी. कल्पेशला तीही नको होती. "हात," तो म्हणाला, "हात वर करायचा राहिला, मनू." "राहिला?" "हो. म्हणजे... राहून गेला." हे आता कोणाला खरं वाटणार! पण मनस्वीने क्षणभर विचार केला, भुवया जवळ घेऊन, नीट, आणि तिचा चेहरा पुन्हा सरळ झाला. "मग काय झालं? आमच्या वर्गात कोणाचं राहिलं तर बाई परत विचारतात. एकदा केतनला काहीच आलं नव्हतं, तरी परत विचारलं, मग आलं. थांबा." आणि त्याने हात धरायच्या आत ती टेबलाशी पोचलीसुद्धा. "बाई, माझ्या पप्पांचं राहिलंय. परत लावा ना."

नीताबाईंनी तिच्याकडे बघितलं, मग तिच्या डोक्यावरून त्याच्याकडे. त्या आता सांगतील असं त्याला वाटलं, आणि सांगावं असंही वाटलं, एकदाचं काय ते होऊन जाईल. त्या म्हणाल्या, "राहिलंय का? मग लावू या की." स्पीकर आवरून ठेवला होता, तो पुन्हा बाहेर निघाला. वर्ग अर्धा रिकामा झाला होता, पण ओढणीवाली बाई होती, नंबरवाल्या बाई होत्या, हितेश होता. वायर जोडताना त्यांनीही माना वळवल्या, आता काय म्हणून. मनस्वी येऊन त्याच्या शेजारी उभी राहिली, पाय जुळवून, परीक्षेला उभी राहते तशी. कल्पेश उठला. बुटक्या बाकातून उठताना गुडघा आपटला. आता हितेश पूर्ण वळला होता आणि आता त्याचं काहीही म्हणणं असलं तरी असू दे, कळू दे सगळ्यांना, कुठले पाटील ते कळू दे, ही माझी पोर आहे आणि ही माझ्या आईची भाषा आहे आणि मघाशी तो जो कोणी हसला तो मी आहे. बाईंनी बटण दाबलं. जरा खरखर झाली, आणि कल्पेशने हात वर केला, उंच, खांद्यापासून सरळ, सगळ्यांना दिसेल असा.

मनस्वीने त्याच्या बाहीला धरून तो खाली ओढला.

"नाय ओ पप्पा," ती म्हणाली, "अजून मी बोललेच नाय. आदी ऐका तरी."